ज्याला येतं, त्याचा हात खिशात

“ज्याला येतं, त्यानं आधी हात खिशात घालायचा.”

लताबाईंचं हे वाक्य विंझरच्या पुढच्या वाडीत पोरं गोट्या खेळतानाही एकमेकांना ऐकवतात. बाई मूळच्या भोरच्या. वडील कचेरीत, भाऊ बँकेत. घरात सगळ्यांची अक्षरं सुंदर आणि आवाज खालचे. त्या वाडीच्या शाळेत आल्या तेव्हा पाचवी ते सातवी एकाच खोलीत बसत. एका इयत्तेला शिकवायला लागलं की उरलेल्या दोन इयत्ता भिंतीसारख्या गप्प. त्या गप्पपणाला शिस्त म्हणायला बाई तयार नव्हत्या. बंद पडलेल्या गिरणीतही असाच गप्पपणा असतो.

एका जुलैत शाळेशेजारच्या सखूबाईंच्या खाचरात त्या भाताच्या लावणीला उतरल्या. सावड होती: आज सगळे हिच्या खाचरात, उद्या तिच्या. मजुरी नाही, फक्त फेड. बाईंनी ती सावड उचलून वर्गात आणली. चौघाचौघांचे गट केले. मिळून बसा, मिळून सोडवा. खोली बोलायला लागली.

वर्षभरानं गोरख आला. हा टेम्पो चालवतो. त्याची अश्विनी सहावीत, वर्गात सगळ्यांच्या पुढं.

“बाई, दाखला द्या. नसरापूरला इंग्लिश शाळंत घालतो तिला.”

“काय झालं?”

“काय व्हायचंय? माझी पोरगी रोज दुसऱ्याच्या खाचरात राबती. तिच्या खाचरात कोन येतंय? सावड अशी एका अंगानं चालती व्हय?”

बाईंनाही हे दिसत होतं. चार वह्यांत एकच उत्तर, आणि चुकलं तर चारींत एकच चूक. त्यांनी सावडीची माणसं आणली होती, फेड आणायची राहिली होती.

“तुमचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “गणपती उठेपर्यंत थांबा. नाही पटलं तर दाखला मी स्वतः घरी आणून देते.”

“देवाचं नाव घिऊन अडवलंत की वो,” असं पुटपुटत गोरख गेला.

अश्विनी गेली की तिच्यामागं आणखी घरं निघणार आणि मागं राहिलेली पोरं पुन्हा भिंत होणार, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्यांना रात्री स्वस्थ झोप लागली. चूक सापडली होती. आता नुसतं काम उरलं होतं.

त्यांनी धडाच कापला. एका गणिताचे चार तुकडे. प्रत्येकाला एकच तुकडा, तोही आधी वेगळं बसवून पक्का करून घेतलेला. गटात कुणाकडेच अख्खं गणित नाही. ज्याला येतं त्यानं हात खिशात घालायचा: दुसऱ्याच्या वहीला हात लावायचा नाही, उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. फ्रॉकला खिसे नसलेल्या मुलींनी हात पाठीशी धरायचे.

गणपती उठल्यावर गोरख आला. बाईंनी त्याला मागच्या बाकावर बसवलं. जमिनीवर खडूनं शाळेच्या अंगणाचा नकाशा काढला होता: एक आयत, आणि त्याला चिकटलेला तिरका, तिकोनी कोपरा. क्षेत्रफळ काढायचं होतं.

“लांबी गुणिले रुंदी. सोप्पंय,” अश्विनी म्हणाली.

“ह्यो कोपरा तसा न्हाई निघत,” रत्ना म्हणाली. ही रत्ना आत्ताआत्तापर्यंत अश्विनीच्याच वहीतून उतरवून घ्यायची.

“मग सांग की.”

“सांगायचं न्हाई. ह्यो कागद घे. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत तिरका फाड. आता एकावर एक ठेव.”

अश्विनीनं ठेवले. दोन्ही तुकडे तंतोतंत बसले.

“आता बोल. आपल्या कोपऱ्यात ह्यातलं किती आलं?”

अश्विनी कागदाकडे बघत राहिली. घरात कधी न दिसलेलं काहीतरी गोरखला तिच्या चेहऱ्यावर दिसलं: तिला येत नव्हतं, आणि ती ते सोडत नव्हती. त्याला राहवेना. खडू उचलायला तो वाकला.

“काका, हात खिशात!” रत्ना वळूनही न बघता म्हणाली.

वर्ग फिदीफिदी हसला. गोरखनं मुकाट हात खिशात घातला.

“निम्मं!” अश्विनी ओरडली. “निम्मं येतं! थांब, आता आयत माझा. माझे हात मागं, मी विचारते.”

बाईंनी गोरखकडे पाहिलं.

“दाखल्याचं ऱ्हाऊ द्या,” तो हळूच म्हणाला. हात अजून खिशातच होता.

बाई उठल्या. पोरांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. सगळी डोकी नकाशावर वाकली होती. आयताच्या रेषेवर पाय पडू नये म्हणून त्या कडेकडेनं दारापर्यंत आल्या, चपला पायांत सरकवल्या आणि हात पाठीशी धरून बाहेर पडल्या.