वाचता येईल असं पाठवा

सुवर्णावहिनींचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात गाडी लावत होते. "ताई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन त्यांच्या भावानं घेतला. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं... मी गाडीवर तशीच बसून राहिले. मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, राग होता. मल्लिनाथला जाऊन महिना उलटून गेला. तो राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये म्हणूनच हे लिहिते आहे.

मल्लिनाथ आणि मी सोलापुरात लॉ कॉलेजला एका वर्गात होतो. तो होटगीजवळच्या खेड्यातला. वडील रेल्वेत गँगमन, घरात कानडी, शाळेत मराठी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी त्याला संध्याकाळचं दिसेनासं झालं. सायकल लोकांच्या अंगावर जायला लागली तेव्हा आम्ही त्याची थट्टा करायचो. मग डॉक्टरांनी सांगितलं, यावर इलाज नाही. वकिलीची सनद हातात पडली त्या वर्षी त्याला फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. नातेवाईक म्हणाले, एखादं टेलिफोन बूथ टाकून बस. तो म्हणाला, "मला बोलायला येतंय की. वकिलाला आणि काय लागतंय?" लागायचं, आणखी बरंच काही लागायचं. रोज संध्याकाळी सुवर्णावहिनी फाईल घेऊन बसायच्या. अक्कलकोटकडच्या, बारावी झालेल्या. दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र, सगळं त्या मोठ्यानं वाचायच्या आणि हा भिंतीला टेकून ऐकायचा. दुसऱ्या दिवशी कोर्टात परिच्छेदाच्या क्रमांकासकट बोलायचा. तो काही संत नव्हता. तापट होता, बाररूममधल्या सगळ्या भानगडी त्याला माहीत असायच्या, आणि डब्यातली शेंगाचटणी कुणाला चिमूटभर द्यायचा नाही.

कोर्टाची कागदपत्रं कॉम्प्युटरवरून दाखल करायची, समोरच्याला प्रतही तशीच पाठवायची, असं सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे कुरकुरलो. पासवर्ड विसरायचा, फाईल चढायची नाही. एकटा मल्लिनाथ खूश होता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज होता. तो आवाज त्यानं इतका वेगात ठेवला होता की मला एक शब्द कळायचा नाही. मी तसं म्हटलं तर हसला. "आमच्या शेजारी यंत्रमाग हायत. विणकराला नुसत्या आवाजावरनं कळतंय, धागा कुटं तुटला ते. तसंच हे. कान बसावा लागतो." मग एक दिवस तो बाररूममध्ये आला आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "उज्ज्वला, सुवर्णा माहेरी गेलीय आणि मी फाईल वाचलीय. आख्खी. मी, एकट्यानं!" इतक्या वर्षांच्या वकिलीत पहिल्यांदा.

हे सुख त्याला फार दिवस मिळालं नाही, आणि ते हिरावून घेणारी माणसं माझ्याच व्यवसायातली आहेत. कागद कॉम्प्युटरवरच टाईप झालेला असायचा. पण आमचे वकीलबंधू तो छापायचे, सही करायचे, मोबाईलनं त्याचा वाकडातिकडा फोटो काढायचे आणि तो फोटो दाखल करायचे. फोटोतली अक्षरं त्या यंत्राला दिसत नाहीत. ते गप्प बसतं. मग मल्लिनाथ फोन करायचा. "टाईप केलेली मूळ फाईल तुमच्याकडं असंल की. तीच द्या. वाचता येईल असं पाठवा." समोरून "बघतो" म्हणायचे. बघायचं कुणीच नाही. मजकूर यंत्राला वाचता येईल असा असावा, हे नियमातच लिहिलेलं आहे, त्यानं कुणाकडं दया मागितली नव्हती. एकदा बाररूममध्ये एक जण त्याच्यासमोरच म्हणाला, "एका माणसासाठी सगळ्यांनी सवयी बदलायच्या का?" मल्लिनाथ शांतपणे म्हणाला, "सवय न्हाय, नियम हाय." यावर चारचौघे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला आजही कुणी सांगावं.

पद्माचं प्रकरण आलं तेव्हा मी कोर्टात हजर होते. पद्मा शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली, शिवणकाम करणारी. नवऱ्यानं लहान मुलीला शाळेतून परस्पर उचलून नेलं होतं. मुलीचा तात्पुरता ताबा मिळावा म्हणून मल्लिनाथनं अर्ज दिला. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी समोरून जबाब आला, भलामोठा, आणि सगळेच्या सगळे फोटो. काही पानं तर उलटी. वहिनी आजारी आईपाशी अक्कलकोटला होत्या. त्यानं समोरच्या वकिलांना फोन लावले, ते उचलले गेले नाहीत. सकाळी त्यानं कोर्टाला सांगितलं, मला वाचता येईल अशी प्रत मिळालेली नाही. समोरचे ज्येष्ठ वकील उठले आणि म्हणाले, "प्रत पोहोचलेली आहे. ती वाचायची व्यवस्था करणं हे विद्वान वकिलांचं काम आहे." विद्वान हा शब्द त्यांनी जरा लांबवला. पुढची तारीख पडली आणि तोवर मुलगी बापाकडेच राहिली.

बाहेर जिन्यापाशी पद्मा रडत होती. अडखळत म्हणाली, "साहेब, मी दुसरा वकील बघू का?"

मल्लिनाथचा चेहरा मी पाहिला. तो म्हणाला, "बघ. पोरगी म्हत्त्वाची हाय, मी न्हाय."

ती गेली नाही. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमीच चालवा." मग मी आणि वहिनींनी आळीपाळीनं बसून तो जबाब त्याला वाचून दाखवला. पुढच्या तारखेला त्यानं त्या जबाबाच्या चिंध्या केल्या, पण त्या दिवशी समोरच्यांनी मुदत मागितली, त्यानंतर आणखी एकदा मागितली... शेवटी मुलगी आईला मिळाली. कोर्टाच्या व्हरांड्यात पद्मानं हात पुढं केला तेव्हा ती पोर बापाच्या पाठीमागं लपली. लोक मल्लिनाथचं अभिनंदन करत होते. तो एकच विचारत होता, "आली का आईकडं? उज्ज्वला, सांग की, आली का?"

त्या आठवड्यात त्यानं वरच्या कोर्टाच्या कार्यालयाकडं लेखी अर्ज केला. मागणी एवढीच की, नियम आहे तो पाळला जावा, फोटो स्वीकारू नयेत. उत्तर आलं नाही. स्मरणपत्रं पाठवली, त्यांचंही आलं नाही. भेटलो की मी विचारायची, "आलं का काही?" तो म्हणायचा, "येतंय की, लई लांबनं येतंय."

शोकसभेला बाररूम भरली होती. आयुष्यभर ज्यांनी त्याला एक फाईल धड पाठवली नाही, ते माइकवर अंतःचक्षू, दिव्यदृष्टी असलं काहीबाही बोलत होते. सगळ्यांत जास्त वेळ बोलले ते तेच ज्येष्ठ वकील. मला बसवेना. मी उठले आणि म्हणाले, "मल्लिनाथला दिव्यदृष्टी नव्हती. त्याला टाईप केलेली फाईल हवी होती." अध्यक्ष म्हणाले, मॅडमच्या भावना आपण समजू शकतो, आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. आम्ही उभे राहिलो. त्याच संध्याकाळी मला एका प्रकरणात समोरच्याची प्रत आली. फोटोच होता.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं म्हणून घरी गेले. मल्लिनाथची खोली तशीच आहे. भिंतीवर तो टेकायचा तिथं रंग तेलकट झालाय, आणि कॉम्प्युटर चालू होता. वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी लावते. कायबी वाचाय लावते. घर लई गप्प झालंय, ताई." त्या दिवशी त्याच्या नावावर एक मेल आला होता. "हे दाबायचे ती बटनं दाबली, पण काय बोलंचना. उघडून बघितलं तर कागदाचा फोटू. तुमीच बघा." मी पाहिलं. त्या कार्यालयाचं उत्तर होतं. अर्जदार मयत असल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. थोडक्यात, फाईल बंद. जिवंत माणसाला उत्तर द्यायला ज्यांना सवड झाली नाही, त्यांनी मेलेल्या माणसाला मात्र तत्परतेनं कळवलं होतं.

मी त्याच्या खुर्चीत बसले आणि तोच अर्ज माझ्या नावानं नव्यानं टाईप केला. वहिनी म्हणाल्या, "पाठवायच्या आधी ऐकू या. हे ऐकल्याबिगर पाठवत नव्हते." त्यांनी बटणं दाबली. त्याच्याच वेगानं तो आवाज खडखडत गेला. मला माझंच लिहिलेलं कळेना. वहिनी मात्र मान एका बाजूला कलती करून शेवटपर्यंत ऐकत होत्या. थांबल्यावर म्हणाल्या, "ताई, शेवटाला 'सबब' दोनदा आलंय."

खरंच आलं होतं. मी एक काढून टाकलं आणि अर्ज पाठवला. मी जिवंत आहे. हा दप्तरी दाखल करायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागेल.