विहिरीला दुसरा साक्षीदार

अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून सांगूनच टाकतो.

इंदापूरच्या कचेरीत माझ्या शेजारी निमगावकडचा भाजी पिकवणारा एक म्हातारा मृत्युपत्र करायला बसला होता. बोलताना प्रत्येक वाक्याला जमिनीवर तळहात आपटायचा.

"माझ्यामागं माझी हीर सगळ्यांस्नी पाण्याला. महारवाड्यालाबी. ल्हिवलं?"

"लिहिलं, आबा," कारकून म्हणाला.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद माझ्यापुढं धरला. मी वाचला आणि संतापलो. "आबा, महारवाडा ह्यात कुठंच नाही!"

कारकून हसला. "गावात वाद नको म्हणून गाळला. तुमच्याच भल्यासाठी."

म्हातारा ताडकन उठला. "मी जित्ता म्होरं बसलोय, तरी माझं बोलणं बदललंस! मेल्यावर काय करशील रं?"

कागद पुन्हा लिहून घेतला. म्हाताऱ्यानं अंगठा उठवला. पण साक्षीला आणलेले दोघं भावकीतले "आमाला पोरी उजवायच्यात, आबा" म्हणत सटकले. मी सही ठोकली, तर कारकून म्हणाला, साक्षीदार दोन लागतात. मग मी कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या एकेकाला विचारत सुटलो. एकाचा चष्मा घरी राहिलेला, एकाला गाडी गाठायची होती, एकानं तर मलाच माझी जात विचारली! तेवढ्यात कचेरी बंद झाली.

मला रडूच यायला लागलं. म्हाताऱ्यानं मात्र कागद घडी करून कोपरीत खुपसला.

"उद्या बारामतीला बघतू. तितं न्हाय गावला, तर फुडं. साक्षीदार गावंस्तवर मला मरायला सवड न्हाय."