आप्पांचा रिलिव्हर

आमच्या मिलच्या गेटवरचे चौकीदार सुकलाल आप्पा आयुष्यात एकच व्हिडिओ गेम खेळले, आणि तोही मारेकऱ्याचा. भिंती चढायच्या, झुडपात दबा धरायचा, पहारेकऱ्याच्या मागे जाऊन त्याचा गळा आवळायचा आणि शेवटी वाड्यातल्या शेठला मारायचं, असा तो खेळ. आप्पांनी तीन महिन्यांत एकाही पहारेकऱ्याला बोट लावलं नाही.

मी पांडेसऱ्याच्या त्या मिलमध्ये साड्यांची डिझाइनं करायचो. पूर्वी टीव्हीला जोडून खेळायचा हा गेम हातात मावणाऱ्या यंत्रावर आला, तेव्हा मी हौसेनं ते घेतलं. चारला आप्पांची ड्युटी संपायची आणि माझी चहाची सुट्टी व्हायची. टपरीवर मला बटणं बडवताना पाहून आप्पा वाकले. पडद्यावर माझा मारेकरी एका पहारेकऱ्याच्या पाठीशी उभा होता.

"भाऊ, याले मारानं कसाले? तो बी ड्युटीवर शे!"

आप्पा शिंदखेड्याकडचे, मी जालन्याचा. त्यांची अहिराणी मला निम्मी कळायची, राग मात्र पूर्ण कळायचा. शिटी मारून पहारेकऱ्याला झुडपाकडे बोलावता येतं, हे दाखवल्यावर तर ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

"मंग शेवटी त्या वाड्याच्या शेठला तरी मारायचं ना?" मी विचारलं.

"शेठनं मांगून पाहू," आप्पा म्हणाले. शेठला मारण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

मग त्यांनी यंत्र स्वतःच्याच हातात घेतलं. मी अर्ध्या तासात ओलांडलेल्या फाटकाशी आप्पा पंधरा दिवस बसले. मारेकऱ्याला झुडपात ठेवून निवांत चहा प्यायचे. म्हणाले, "याले रिलिव्हर येवू दे. पाळी बदलस तवय गेटवर ध्यान ऱ्हास नही, निघी जासूत." तीस वर्षांचा अनुभव बोलत होता. पण गेममध्ये पाळी बदलतच नाही, असं मी सांगितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे जल्मभर उभा? त्यान्हा पोटमा काही शे का नही?"

आप्पांचा स्वतःचा कायदा एकच होता: "रिलिव्हर येस नही, तोवर खुर्ची सोडानी नही." त्यांचा रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा चौकीदार, महाआळशी, आणि कधीकधी चारचे सहा झाले तरी आप्पा खुर्चीत. मला ते हटवादीपणाचं वाटायचं.

मग त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावी कार्यक्रम, आणि आदल्या संध्याकाळी उधना स्टेशनवरून पाचची गाडी. ती चुकली तर वेळेवर पोचणं नाही. त्या दिवशी सव्वाचारला मी टपरीवरून पाहिलं, आप्पा नवा सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीतच. रिलिव्हरचा फोन बंद. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"निघनू, बेटा, निघनू," आप्पा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

मी रस्ता ओलांडून गेलो. "आप्पा, उठा. मी बसतो."

"तुले गेटपास समजस?"

"तुम्ही समजवा."

पाच मिनिटांत त्यांनी मला टेम्पोचा नंबर कुठे लिहायचा, कोणाची पिशवी उघडून पाहायची, सगळं सांगितलं. चार्ज घेतल्याची सही घेतली, शिटी माझ्या गळ्यात अडकवली आणि मगच रिक्षाकडे धावले. पंचावन्न वर्षांचा माणूस तसा धावलेला मी दुसरा पाहिला नाही.

मग शेठची गाडी आली. मी सलाम ठोकला. शेठनं काच खाली करून गुजरातीत विचारलं, "भाई, तमे अहीं?"

"आप्पांचा रिलिव्हर," मी म्हणालो.

रिलिव्हर साडेसातला उगवला, तोवर बसलो. गेम खिशात होता, काढला नाही. शेकडो माणसं समोरून गेली, माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पाय आखडले, भूक लागली, आणि आप्पांना हटवादी ठरवल्याची लाज वाटली.

आप्पांना त्या दिवशी गाडी मिळाली. पुढे मुलीचं लग्न लावून ते कायमचे गावी गेले. त्यांचा गेम त्याच फाटकापाशी अडलेला आहे. मी तो तसाच ठेवलाय. दिवाळीला त्यांचा फोन येतो. नातवाचं, कपाशीचं सांगून झालं की आवाज बारीक करून विचारतात, "भाऊ, त्या फाटकवरना गडीले रिलिव्हर ऊना का?"

"आला, आप्पा," मी सांगतो. "चारच्या ठोक्याला आला. तो कधीचाच घरी गेला."