मुक्ताचं अर्धं वाक्य

आमचा जुना कॉम्प्युटर घरात एकाच कामासाठी होता: टोरंटोत राहणारी आमची मुलगी मुक्ता दाखवणं. बाकी त्याचा काही उपयोग नव्हता (रिटायर झाल्यापासून माझाही नव्हता, त्यामुळे आमचं बरं जमे).

मुक्ता तिकडे सकाळी कामावर निघण्याआधी बोलायची, तेव्हा इकडे नवीन पनवेलात संध्याकाळ झालेली असायची. त्या दिवशी ती घाईत होती. बॅग भरता भरता म्हणाली, "आई, बाबा, आम्ही ठरवलंय की..."

आणि थांबली. म्हणजे पडद्यावर थांबली. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, शिंक येता येता राहिल्यासारखी. मी माउस हलवला. बाण जागचा हलेना. मग कीबोर्डवर हाताला येईल ते बटण दाबलं. आतून चणे भरडल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा माझी बायको सुलभा म्हणाली की आता कृपा करून हात मागे घ्या.

मोबाइल लावला तर लागेना. कामावर मुक्ताचा फोन लॉकरमध्ये असतो. म्हणजे जावयाने आणि तिने काय ठरवलंय, ते सकाळपर्यंत कळणार नव्हतं. सुलभाचं मत पडलं की दोघं गणपतीला येतायत. मी म्हटलं, नुसतं गणपतीला यायचं तर 'ठरवलंय' कशाला म्हणेल? कायमचीच येत असणार. थोड्याच वेळात आम्ही तिच्या खोलीतले धान्याचे डबे आणि माझी व्यायामाची सायकल बाहेर काढली. जावयाच्या गाडीला सोसायटीत जागा मिळेल का, यावर एक लहानसं भांडणही झालं.

मग खालच्या मजल्यावरच्या म्हात्र्यांना बोलावलं. म्हात्रे मूळचे जासईचे, कंटेनरच्या धंद्यात मुरलेले, आणि कुठल्याही विषयावर मत असलेले. त्यांनी मशीनला कान लावला आणि काय काय उघडून ठेवलंय, असं विचारलं.

सांगावं लागलं. टोरंटोचं हवामान. मुक्ताच्या गल्लीचा नकाशा. विमानाच्या तिकिटांची पानं. सुलभाने उघडलेले मुक्ताचे शाळेतले फोटो, सगळेच्या सगळे. बंद आम्ही काहीच करत नसू. (हवामानाचं पान बंद केलं आणि तिकडे नेमका बर्फ पडला तर?)

"मेमरी भरली हाय," म्हात्रे म्हणाले. "यार्डात जागा नाय का नवा कंटेनर गेटवरच उभा. मंग सगला रस्ता जाम. बटण दाबून धरा नि बंद करा. दुसरा विलाज नाय."

मी बटणाकडे हात नेला. सुलभाने तो धरला.

"राहू दे आजची रात्र."

मी तिला समजावलं की पुढचं वाक्य काही आत अडकलेलं नाही.

"ते कळतं मला," ती म्हणाली. "पण ती आहे ना."

म्हात्रे चपला घालून गेले. आम्ही ताटं कॉम्प्युटरसमोर घेतली. मुक्ताच्या चेहऱ्याकडे बघून वाटत होतं, आमटी तिखट झालीय.

सकाळी मुक्ताचा फोन आला. "काल नेट गेलं का तुमचं? मी सांगत होते, आम्ही ठरवलंय की तुम्हाला नवीन कॉम्प्युटर घेऊन द्यायचा."

सुलभाने फोन माझ्या हातात दिला. कॉम्प्युटरचं बटण तिनेच दाबून धरलं आणि डबे परत खोलीत न्यायला लागली. मी बाजू सावरायला म्हटलं, तो जोडायला तुलाच यावं लागेल. पनवेलात असलं कुणाला येत नाही.

मुक्ता हसली. जोडून देणारा माणूस सोबत येतो म्हणाली. मग म्हणाली, "सुट्टी नाही मिळत, बाबा."

"नकोच," मी म्हटलं. "गणपतीत इथे गर्दी फार असते."

नवीन कॉम्प्युटर आला. त्यात मुक्ताच्या कपाळावरचा पांढरा केससुद्धा स्वच्छ दिसतो. पण ती 'ठेवते' म्हणाली की त्याच क्षणी पडदा रिकामा. म्हणून गेल्या आठवड्यात तिचं बोलणं संपत आलं तसं मी गुपचूप एकामागून एक पन्नासेक पानं उघडली: नकाशे, हवामान, एसटीचं वेळापत्रक, भोपळ्याच्या घारग्यांची पाककृती. कॉम्प्युटर जराही अडकला नाही. मुक्ता मात्र "बाबांचं लक्षच नाहीये आज" म्हणून ठेवून गेली.

सुलभा अजून बोलून दाखवते: मुलगी समोर होती तेवढा वेळ यांनी घारगे बघितले.