वरच्या वहिनींचा टब

आमच्या वरच्या घरातल्या वहिनी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करतात. दिवसभर उभं राहून घरी येतात आणि चहाच्याही आधी नवऱ्याला आंघोळ घालतात. अर्धांगवायूने भावजींचं डावं अंग गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. टबात कोमट पाण्यात पडून राहिलं की त्यांचा आखडलेला हात जरा सैल होतो. पण त्यांना टबात उतरवायचं आणि पुन्हा बाहेर काढायचं, ते सगळं वहिनींच्या एकटीच्या कमरेवर.

टब भावजींनीच बसवलेला. धडधाकट होते तेव्हा ते फरशीचं काम करत आणि वहिनी त्यांच्या हाताखाली सिमेंट कालवत. एका हॉटेलने जुना म्हणून काढून टाकलेला हा टब त्यांनी जिन्याने वर चढवून आणला आणि त्याच्या दर्शनी बाजूला अशा फरशा बसवल्या की सांधा शोधून सापडू नये. खालच्या पाइपापर्यंत हात पोहोचावा म्हणून एक लहान झडप ठेवतात, तीसुद्धा त्यांनी ठेवली नाही. झडप म्हणजे चांगल्या कपड्याला ठिगळ, असं त्यांचं मत.

मध्यंतरी माझ्या न्हाणीघराच्या छताला ओल आली, मग थेंब पडू लागले. मी खाली बादली लावली आणि वर जाऊन सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "तरीच. टबातलं पाणी आपोआप कमी होत होतं."

प्लंबर आला. फरशांवर टकटक करून बघितलं आणि विचारलं, "हे कोणी बसवलंय?"

"मी," आतून भावजी म्हणाले.

"काम सुरेख आहे. दुरुस्तीची सोय तेवढी नाही."

"बिघडेल असं बसवलंच नव्हतं."

वहिनी हसल्या नाहीत. त्या दाराला टेकून उभ्या होत्या.

टबाखाली पाण्याचा निचरा होतो तिथल्या सांध्यातलं रबर गेलं होतं. वरून जायचं तर फरशा फोडून टब उचकटायला हवा, आणि इतका जुना टब काढताना तडकणारच. "नाहीतर खालून जाऊ," प्लंबर म्हणाला. "काकूंचं छत थोडं फोडावं लागेल, पण टबाला धक्का नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. "फोडा," मी म्हटलं. शेजारधर्म पाळल्याच्या समाधानात खाली आले.

दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात भेटल्या. पिशवी पायरीवर ठेवून कठडा धरून थांबल्या होत्या.

"काकू, राग मानू नका. तुम्ही काल नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं."

मी एक पायरी चढून जवळ गेले.

"टब फुटला असता तर पलंगावरच अंग पुसून दिलं असतं मी. कोणाचा दोष नाही, काही नाही. आता उचलणं होत नाही माझ्याच्याने. पण टब काढू या म्हणायला जीभ रेटत नाही. म्हटलं, तुम्ही तरी अडवाल."

"मग अजून अडवते. छत माझंच आहे."

"नको. टब वाचला म्हणून हे काल पोटभर जेवलेत. आता तुम्हाला शिव्या घालतील आणि त्या मलाच ऐकाव्या लागतील."

दोघी हसलो. मग त्यांनी पिशवी उचलली आणि एकेक पायरी चढू लागल्या.

प्लंबरने छत फोडून सांधा बदलला. गवंडी लवकर मिळेना, त्यामुळे भोक तसंच राहिलं आणि वरचं बोलणं शब्दन् शब्द खाली येऊ लागलं. चोरून ऐकू नये हे मला शाळेत नन्सनी चांगलं बजावलं होतं. पण संध्याकाळी मी कपडे धूत होते, आणि साबणाचे हात घेऊन जाणार कुठे?

"पाणी सोड ना," भावजी म्हणाले.

"आज नाही. यापुढे टब फक्त रविवारी."

"का? पाइप नीट झाला म्हणाला तो."

"पाइप झाला. मी दमलेय."



"आधी नाही बोललीस."

"बोलले असते तर तुम्ही टबाकडे बघत बसला असता."

"आता मी काय वेगळं करणार आहे?"

"बसा बघत."

मग भावजींचा आवाज, जरा पडलेला. "रविवारी जास्त वेळ पडू देशील?"

"पाणी गार होईपर्यंत."

"मग जरा कढतच काढ."

वहिनी त्यावर काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही. हात धुतले आणि न्हाणीघराचं दार बाहेरून ओढून घेतलं.