तुरीचा दाणा टोचलेला रोडगा

“हिच्यासमोर काही बोलू नोको बाप्पा, पुस्तकात जाशीन.”

आंब्याच्या बुंध्यापलीकडे धाकटी काकू वांगी चिरत होती आणि आत्या लसूण सोलत होती. वाक्य काकूचं, हसणं दोघींचं. मी पाण्याची कॅन घेऊन अलीकडे उभी. पुढे जावं तर मी ऐकलं हे कळणार, मागे फिरावं तर कॅनमधलं पाणी डुचमळणार. मी तशीच उभी राहिले. उभं राहून ऐकणं एवढंच मला नीट जमतं. माझी कादंबरी त्यातूनच झाली होती.

वलगावच्या पुढे आमचं शेत आहे. तूर निघाली की तिथे रोडग्यांचं जेवण होतं. अमरावतीहून आम्ही आणि धाकटे काका-काकू येतो, तिवशाहून आत्या आणि तिचा जावई. अकोल्याहून मोठे बाबा आणि मोठी आई येतात, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको. रोडगे मोठी आईच करते. जाड्या कणकेच्या पोळ्यांना तेल लावून एकावर एक ठेवते, त्यांचा गोळा वळते आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरते. वरचं कवच इतकं कडक व्हायला हवं की फोडताना आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर आमच्याकडचे पुरुष नावं ठेवतात.

पुस्तक दिवाळीत आलं होतं. छोट्या गावातल्या मोठ्या कुटुंबाची विनोदी कादंबरी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी मुलगी मराठीत लिहिते याचंच घरच्यांना आधी हसू आलं. मग पुस्तकाचं आलं. गंमत म्हणजे स्वतःला कोणीच ओळखलं नाही. काकूला वाटलं त्यातली भांडखोर बाई म्हणजे आत्या, आत्याला वाटलं काकू. दोघी खूश होत्या.

सगळ्यात जास्त हसले ते रोडग्याच्या प्रकरणावर. मोठी आई एका रोडग्याला तुरीचा दाणा टोचते, हे मी दोन-तीन वर्षं पाहिलं होतं. त्यावरून मी लिहिलं की घरची थोरली सून लाडक्या जावयासाठी तुपाचा रोडगा चोरून भाजते, खुणेला दाणा टोचते, आणि मग तो शोधायला तिच्या जावा सगळे रोडगे फोडून ठेवतात. लिहिताना मी स्वतःही हसले होते. मोठी आईनं मात्र पुस्तकाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. तिनं वाचलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

त्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. गोवऱ्या आणून दे, पत्रावळी मोज, पुन्हा पाणी आण. बसलं की कोणीतरी काहीतरी विचारेल ही भीती, आणि फिरत राहिलं तर सगळंच कानावर पडत होतं.

“काहो वहिनी, यंदा दाणा कोण्यात?” धाकट्या काकांनी मोठी आईला विचारलं.

“जावयाले विचारा ना,” काकू म्हणाली. “तुपाचा माल त्याइचाच!”

आत्याचा जावई लाजला. सगळे हसले. मोठी आईही हसली, पण कणकेतून मान वर न करता. तिच्या शेजारी तुरीचे दाणे नव्हते. मी दोनदा पाहिलं.

पुरुषांची पंगत आधी बसली. मोठे बाबा पहिल्या पानावर. तरुणपणी ते अख्खा ऊस दातांनी सोलायचे, ही गोष्ट ते आजही पाहुण्यांना सांगतात. त्यांनी रोडगा मुठीनं फोडला, मोठा आवाज झाला, “जमला!” म्हणाले. मग वरण प्यायले. वांग्याची भाजी बोटानं चाटली. रोडग्याचा तुकडा तोंडात घातला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि उपरण्याच्या टोकात काढून घेतला. दुसऱ्या तुकड्याचं तेच. पंगत उठल्यावर ते धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत चालत गेले आणि उपरणं कुत्र्यासमोर झटकलं.

“एवढ्यातच झालं, दादा?” वडिलांनी विचारलं.

“पोट तट्ट झालं गा.”

मी निखाऱ्याजवळ गेले. मोठी आई बायकांच्या पंगतीचे गोळे वळत होती.

“मोठी आई, मोठ्या बाबांनी काही खाल्लं नाही.”

“माहीत आहे मले.” तिनं इकडेतिकडे पाहिलं. “त्याइले चावत नाही, बाई. तीन वर्षं झाले. एक नरम करत होती, मोहन जास्त घालून, कडंकडंनं भाजून. राखेत कोणता ते समजाव म्हणून दाणा.” मग आवाज अजून खाली नेला. “सांगशीन नोको कोणाले. मरून जातील शरमेनं.”

“मग या वेळी का नाही केला?”

“आता दाणा दिसला का सारे पाहतात ना, कोणाच्या पानात जाते ते.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी दाणा पाहिला होता, त्यावर बारा पानं लिहिली होती, पण तो कोणाच्या पानात गेला एवढं पाहायचं राहून गेलं होतं.

मोठे बाबा आंब्याखाली पाय पसरून बसले होते. सकाळची मधुमेहाची गोळी त्यांनी माझ्यासमोरच घेतली होती, पोटात नुसतं वरण होतं, आणि आता कपाळावरचा घाम पुसत होते, थंडीच्या दिवसांत. खरं सांगावं तर त्यांची लाज जाणार. गप्प राहावं तर ते उपाशी अकोल्याला जाणार, आणि मोठी आई जावयाला तूप चोरून घालणारी बाई म्हणून घरात राहणार. मी पुन्हा कॅन उचलली. ती भरलेलीच होती. खाली ठेवली. मोठी आईच्या हातात शेवटचा गोळा होता.

तुरीच्या ढिगाकडे गेले, एक दाणा उचलला आणि परत येऊन सगळ्यांसमोर तिच्या हातावर ठेवला. काकू पत्रावळी मांडता मांडता थांबली. माझा आवाज फाटला, पण निघाला.

“ते जावयाचं मी चुकीचं लिहिलं, मोठी आई. पाहिलं नव्हतं, नुसतंच लिहिलं. आता दाणा टोचून एक नरम कर, माझी दाढ दुखून राहिली. अन् मोठे बाबा, तुमी माझ्या पानाशी बसा, मले एकटीले तो पुरा संपत नाही.”