बोरसे मॅडमचा संशय

बोरसे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझं वांग्याचं रोप उपटत होत्या. आमचा अभ्यासक्रम शाळेत शेती शिकवणारे शिक्षक तयार करण्याचा. विद्यापीठाच्या आवारात प्रत्येकाला एकेक वाफा मिळालेला. माझ्या वाफ्यातलं सगळ्यात तरतरीत रोप त्यांनी मुळासकट वर काढलं, माती झटकली, डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हाई कोनी लायं? तू, का नर्सरीवालानी?"

मी सुरतमध्ये जन्मले, तिथल्याच नवागाममध्ये वाढले. वडील धुळ्याकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेले. घरात अहिराणीच. पण विद्यापीठात एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडून ती ऐकेन असं वाटलं नव्हतं. "मीच लावलं," मी म्हटलं. त्यांनी मुळं पुन्हा निरखली. आमच्यातली काही मुलं नर्सरीतून तयार रोपं आणून तपासणीच्या आदल्या दिवशी वाफ्यात खोचायची. त्या रोपांच्या मुळांना कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, चौकोनी गड्डा चिकटलेला असायचा. माझ्या मुळांना नुसती काळी माती होती. मॅडमनी रोप परत खोचलं, वर पाणी घातलं आणि पुढच्या वाफ्याकडे वळल्या. ते रोप पुढे आठवडाभर मान टाकून होतं. मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

एरवी वर्गात त्या गुजरातीत शिकवायच्या, ऑफिसात हिंदी बोलायच्या आणि आम्हा चार मराठी पोरींशी स्वच्छ पुस्तकी मराठी. संशय आला की मात्र थेट अहिराणीत उतरायच्या. अहिराणी सुरू झाली की समजावं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. एकदा एका मुलाने ओल्या फडक्यात गुंडाळलेले मुगाचे दाणे आणून दाखवले. एकूण एक दाणा मोड आलेला. त्याला वाटलं शाबासकी मिळणार. मॅडम फडक्याकडे बघत राहिल्या. "समदा दाना उगनात? एकबी मरना नही? बी शे का देव शे?" मुलगा लाल झाला. न उगवलेले दाणे त्याने आधीच काढून टाकले होते. त्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "मेलेले दाणे घेऊन ये. शिकवायचं त्यांच्यावरूनच आहे."

त्यांचा संशय वर्गापुरता नव्हता. भाजी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघायच्या; भाजीवाला वैतागून म्हणायचा, "बेन, हवे तो लई लो!", आता तरी घ्या कुणी आजारी पडलं तर तापाच्या गोळीचं पाकीट दाखवावं लागे. कुणी त्यांची स्तुती केली तर चष्मा काढून त्या माणसाकडे बघायच्या, की ह्याला आता काय पाहिजे. मुलांनी त्यांना 'सीआयडी' नाव ठेवलं होतं. हे नाव त्यांना माहीत होतं आणि ते कुणी ठेवलं ह्याचा शोधही चालू होता.

बोरसे मॅडम आपल्याकडच्या आहेत हे घरी कळल्यावर वडील खूश झाले. "मंग काय, संभाळी लेतीन तुले," म्हणाले. मला मात्र उलटीच भीती होती. वर्गातली मुलं आधीच कुजबुजत होती की मराठी पोरींना मार्क जास्त मिळणार. त्या कुजबुजीला उत्तर म्हणून मॅडम आमचेच मार्क कापणार, अशी माझी खात्री झाली. त्या माझ्या पाठाच्या टाचणावर लाल पेन फिरवायच्या तेव्हा मला वाटायचं, शेजारच्या जिग्नेशच्या टाचणात हीच चूक होती, तिथे पेन का नाही फिरलं? मग मी चोरून त्याचं टाचण बघून यायची. तिथेही फिरलेलं असायचं. तरी माझं समाधान व्हायचं नाही.

आणि मला नापास होणं परवडणार नव्हतं. माझ्या शिक्षणावरून घरात आधीच दोन तट पडले होते. परीक्षकांसमोर घ्यायचा शेवटचा पाठ फसला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं की मी आईशेजारी बसून साड्यांना लेस लावणार, हे काकांनी ठरवूनच टाकलं होतं. मुलगी शेती शिकवायला शिकते, हेच त्यांना हसण्यासारखं वाटायचं. "शेती सोडून आपण इथं आलो, आन ही पोरगी शेती शिकते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

माझा शेवटचा पाठ आमच्याच भागातल्या एका मराठी शाळेत होता. विषय, बियाण्याची उगवण कशी तपासावी. त्या वर्गावर मी महिनाभर सराव पाठ घेतले होते. गुणी पोरं, पण प्रश्न विचारला की दोन-चार हात वर यायचे, बाकीची खिडकीबाहेर बघायची. त्या दिवशी मागच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक बसले होते, शेजारी बोरसे मॅडम. मी पहिला प्रश्न विचारला. सगळा वर्ग हात वर करून उभा राहायच्या बेतात. ज्याला विचारलं त्याने बरोबर उत्तर दिलं. दुसरा प्रश्न अवघड होता. पुन्हा सगळे हात वर. परीक्षक हसून मान डोलावत होते. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला संशय आला. काल न येणारं आज सगळ्यांना कसं येतंय? मी नीट बघितलं, तर काही हात उजवे होते, काही डावे. गप्प राहिले असते तर पाठ झकास झाला असता. पण मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं काढल्यावर गप्प राहणं जमेना. मी डावा हात वर केलेल्या पायलला उठवलं. ती उभी राहिली आणि खाली बघू लागली. "येत नाही तर हात कशाला वर केलास गं?" मी विचारलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "टीचर, मी तं डावा हात वर केला व्हता! डावावाल्यांना नाही ना विचारायचं!"

वर्ग खो खो हसला. परीक्षकांचं हसू गेलं.

पाठ तिथेच थांबवून आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. "आ तो नाटक छे, बेन," परीक्षक मॅडमना म्हणाले. मुलांना पढवून ठेवलंय, ह्या मुलीला नापास करा, असं त्यांचं स्पष्ट मत. मी मॅडमकडे बघितलं. आता संधीच मिळाली ह्यांना, असं माझ्या मनात आलं. मॅडमनी मला विचारलं, "तू पढवलंस?" मी नाही म्हटलं. "मी का म्हणून मानू?" त्या म्हणाल्या. मला रडू फुटलं. त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि परीक्षकांकडे वळल्या. "आणि साहेब, तुमचं तरी मी का म्हणून मानू? पढवताना कुणाला बघितलंय का तुम्ही?"

त्यांनी पायलला बोलावलं. कुणी शिकवलं, असं विचारलंच नाही. विचारलं, "डावा हात कधीपासून करता गं तुम्ही?" पायल म्हणाली, "तिसरीपासून. साहेब येतात तवा." "मग ह्या टीचरच्या तासाला का नाही करत?" "त्या येतात तवा कुठं साहेब असतो?"

एवढ्यावर दुसरं कुणीही थांबलं असतं. मॅडम थांबल्या नाहीत. पायलला बाहेर पाठवून त्यांनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला बोलावलं, त्यालाही तेच विचारलं. तेच उत्तर आलं. मग दाराशी उभे असलेले वर्गशिक्षक स्वतःच पुढे आले. भला माणूस. पाहुण्यांसमोर शाळेची शोभा राहावी म्हणून प्रत्येक तपासणीला ते मुलांकडून हेच करून घ्यायचे, आणि माझंही भलं होईल म्हणून मला न विचारता त्यांनी सकाळी वर्गाला आठवण करून दिली होती. परीक्षकांनी घसा साफ केला आणि पाठ पुन्हा घ्यायला सांगितलं, लगेच, त्याच वर्गावर.

दुसऱ्यांदा घेतलेला पाठ काही फार बरा झाला नाही.  प्रश्नाला दोन-चारच हात वर आले. पायलने हात मांडीवरच ठेवला, पण शेवटी तिने विचारलं, "टीचर, जे दाणे उगवत नाही, ते आधीपासून मेलेले असतात, का आपण मारतो?" मी जमेल तसं उत्तर दिलं. मार्क बेताचे मिळाले. मी पास झाले.

निकालानंतर मी पेढे घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्या निवृत्तीच्या आवराआवरीत होत्या. महिन्याभरात अमळनेरला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या. पेढ्यांचा बॉक्स बघताच अहिराणी सुरू झाली. "हाई कसाले? मी तुनी बाजू लिधी म्हनीसन?"

"नाही मॅडम."

"मी कोणाची बाजू घेतली नाही," आता त्या मराठीत आल्या. "त्या पोरीने तुझं नाव घेतलं असतं ना, तर साहेबांच्या आधी मीच तुला नापास केलं असतं. हे ध्यानात ठेव."

"माहीत आहे, मॅडम. म्हणूनच आणलेत."

त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मीही नजर हलवली नाही. मग त्यांनी बॉक्स जवळ ओढला आणि न बघताच एक पेढा उचलून तोंडात टाकला.